गॅपचे वर्ष आणि लेखनिकांचा गट

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले. परंतु नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत अपेक्षेइतके गुण मिळाले नाहीत, म्हणून एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचे घरच्यांच्या संमतीने ठरवले आहे. अकरावीत असताना मराठीच्या बाईंनी मला बारावीतल्या एका दृष्टिहीन मुलीचा पेपर लिहायला, म्हणजे ती सांगेल ती उत्तरे लिहून काढायला, पाठवले होते. तिचे उरलेले पेपर माझ्या मैत्रिणींनी लिहिले आणि तेथूनच आमचा लेखनिक गट सुरू झाला. आज गटात चौदा जण आहेत, सगळे आमच्याच तुकडीतले. दोन वर्षांत आम्ही बारावीचे आणि पदवीचे मिळून २३ पेपर लिहिले. ११ वेळा नकार द्यावा लागला. त्यांतले ९ नकार या फेब्रुवारी-मार्चमधले होते, कारण तेव्हा आमचीच बोर्डाची परीक्षा चालू होती. आता माझ्या हाताशी एक वर्ष आहे. या वर्षात गट शंभर जणांचा करावा, इचलकरंजी आणि सांगलीतही तो सुरू करावा, असे मनात आहे. काका म्हणतात, आधी संस्था नोंदवून घे. त्यांच्या ओळखीचे उद्यमनगरातले एक कारखानदार देणगी द्यायला तयार आहेत. वडिलांचे म्हणणे वेगळे आहे : "वर्ष मागून घेतलंयस ते अभ्यासासाठी. समाजसेवा डॉक्टर झाल्यावर कर." गटातले नऊ जण पुण्या-मुंबईला निघाले आहेत. मी कोठून सुरुवात करावी? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : तुमच्या पत्रातच असलेली, पण तुमच्या नजरेतून निसटलेली एक गोष्ट आधी सांगतो. गटातले चौदाही जण तुमच्याच तुकडीतले आहेत, म्हणजे आता सगळेच बारावी उत्तीर्ण आहेत. स्वतःचा लेखनिक घेऊन येणाऱ्या परीक्षार्थीसाठी सर्वसाधारण नियम असा असतो की लेखनिक त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला किंवा एक पायरी कमी शिकलेला असावा. याचा अर्थ असा की ज्या बारावीच्या पेपरापासून तुमचे काम सुरू झाले, तोच पेपर येत्या फेब्रुवारीत लिहू शकेल असा एकही जण आज तुमच्या गटात नाही. हे नऊ जण पुण्या-मुंबईला चालले म्हणून झालेले नाही; ते सगळे कोल्हापुरातच राहिले असते तरी हेच झाले असते. रक्तदाता वर्षानुवर्षे रक्त देऊ शकतो, महापुरात धावून जाणारा पोहणारा गडी पुढच्या महापुरातही धावतो; लेखनिक मात्र दर जूनमध्ये एक इयत्ता वर सरकतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्या कामाला अपात्र होतो. तुमचा गट माणसे पास होत गेल्यामुळेच रिकामा होणार आहे, आणि हे दरवर्षी होणार आहे.

म्हणून शंभर हा आकडा मी बाजूला ठेवायला सांगेन. तुमच्या पत्रातला खरा उपयोगाचा आकडा ११ हा आहे, आणि त्याहूनही ९ हा. मागणी एकूण ३४ पेपरांची होती, म्हणजे चौदा जणांना ती दोन वर्षांत सहज पेलण्यासारखी होती. ती मुख्यतः ज्या आठवड्यांत अडली, त्या आठवड्यांत चौदाही जण स्वतःच्या बाकावर बसलेले होते. त्या जागी शंभर जण असते, पण तेही बारावी विज्ञानचेच असते, तर शंभरही जण त्याच आठवड्यांत आपापल्या बाकावर बसले असते आणि नकार तेवढेच राहिले असते.

उपाय वेळापत्रकातच आहे. बोर्डाची बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, आणि ती चालू असताना अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीचे वर्ग भरत नाहीत, कारण खोल्या परीक्षेला लागतात. अकरावीची मुले नेमकी त्या वेळी मोकळी असतात आणि नियमातही बसतात. दहावीच्या पेपरांसाठी नववीची मुले लागतील; ती लहान असल्यामुळे प्रत्येकाच्या पालकांची लेखी संमती, शाळेची परवानगी आणि केंद्रावर सोबत जाणारे मोठे माणूस, या तीन गोष्टींशिवाय कोणालाही पाठवू नये. पदवीच्या उन्हाळी सत्रासाठी सर्वांत उपयोगी मुले तुमच्या शाखेबाहेरची आहेत. बारावी कला आणि वाणिज्यची मुले मार्चअखेरीस मोकळी होतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांपुढे जूनपर्यंत काही नसते. विज्ञानची मुले तेव्हा नीट आणि सीईटीत बुडालेली असतात. तुम्ही गट आपल्या वर्गातून उभा केला हे स्वाभाविक होते, परंतु या कामासाठी तो वर्ग सर्वांत गैरसोयीचा होता. जुलैमध्ये वर्ग स्थिरावले की शहरातल्या तीन-चार कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन अकरावीच्या, शक्यतो कला आणि वाणिज्यच्या, वर्गांत दहा-दहा मिनिटे बोलावे. अकरावीत आलेला मुलगा तुम्हाला एका फेब्रुवारीत बारावीसाठी आणि पुढच्या उन्हाळ्यात पदवीसाठी, असा दोनदा उपयोगी पडतो. अशी पंचवीस मुले मिळाली तरी यंदाचे नऊ नकार टळतील.

नियमांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गटातल्या प्रत्येकाला ते तोंडपाठ असावेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. लेखी परीक्षांबाबतच्या सविस्तर मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्या. त्यांनुसार परीक्षार्थीला दर तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ मिळायला हवा; तीन तासांचा पेपर चार तास चालतो. लेखनिकाला परीक्षेआधी भेटता यावे, आयत्या वेळी अडचण आली तर तो बदलता यावा आणि वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांच्या पेपरांना, वेगवेगळे लेखनिक घेता यावेत, हेही त्या २०१८ च्या सूचनांत होते. या सूचना अधूनमधून सुधारल्या जातात आणि बोर्ड, विद्यापीठ, स्पर्धा परीक्षा यांच्या अटी एकसारख्या नसतात. काही ठिकाणी लेखनिक त्या विषयाचा विद्यार्थी नसावा अशीही अट असते. तेव्हा प्रत्येक परीक्षेचे ताजे परिपत्रक त्या परीक्षार्थीच्या महाविद्यालयातून मागून घ्यावे आणि त्याची झेरॉक्स वहीत चिकटवून ठेवावी. लेखनिकाचे ओळखपत्र, बोनाफाईड, फोटो आणि गुणपत्रिकेची प्रत घेऊन आदल्या दिवशी धावाधाव करण्यात या कामातली निम्मी शक्ती वाया जाते. ही कागदपत्रे ऑगस्टमध्येच प्रत्येकाकडून घेऊन एका फाइलीत लावून ठेवली, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात तुमचे काम निम्म्यावर येईल.

नवीन मुलांना शिकवायचे ते मुख्यतः गप्प बसायला. हे मी अनुभवाने सांगतो. बारावीनंतर मीही एका दृष्टिहीन विद्यार्थ्याचा बी. ए. इतिहासाचा पेपर लिहिला होता. तैनाती फौजेच्या प्रश्नात त्याने वसईच्या तहाचे साल १८०३ सांगितले. मला १८०२ ठाऊक होते; मी न बोलता १८०२ लिहिले आणि मनातून खूशही झालो. प्रत्येक प्रश्न संपल्यावर तो उत्तर वाचून दाखवायला सांगत असे. साल ऐकल्यावर तो क्षणभर थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "तह मी केलेला नाही, तुम्हीही केलेला नाही, पण पेपर माझा आहे." मी साल खोडून १८०३ केले. त्याचा तेथे गुण गेला असेल. परंतु त्यानंतरचे दोन तास त्याने मला प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावली, आणि त्या वाचनात गेलेल्या वेळामुळे त्याचा शेवटचा प्रश्न अपुरा राहिला. त्या अपुऱ्या प्रश्नाला माझा शहाणपणा कारण होता.

म्हणून एखाद्या रविवारी दुपारी मुलांना जोड्यांनी बसवावे, जुनी प्रश्नपत्रिका द्यावी, एकाने डोळे मिटून सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे. सांगणारा चुकीचे सांगेल तेव्हा लिहिणाऱ्याचा हात अडखळतो का, ते पाहावे. प्रश्न किती सावकाश वाचायचा, "किंवा" असलेल्या प्रश्नांचे दोन्ही पर्याय आधी वाचायचे, परिच्छेद कोठे बदलायचा ते विचारायचे, घड्याळ दर अर्ध्या तासाने सांगायचे, हे त्यातच बसते. अक्षर सुंदर असण्यापेक्षा चौथ्या तासालाही वाचता येण्यासारखे असणे महत्त्वाचे, आणि ते सलग चार तास लिहायला लावल्याशिवाय कळत नाही.

आता तुमच्या वर्षाविषयी. वडिलांचे म्हणणे मला निम्मे पटते. गेली काही वर्षे नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होत आली आहे. बोर्डाची परीक्षा त्याआधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि विद्यापीठाचे उन्हाळी सत्र त्याच्या आगेमागे. म्हणजे तुमच्या गटाला सर्वांत अधिक फोन येतील तेच महिने तुमच्या उजळणीचे आहेत. या महिन्यांत सकाळी सात वाजता "ताई, आजचा लेखनिक आला नाही" असा फोन तुमच्याकडे आला, तर तुम्ही पुस्तक मिटून केएमटीची बस पकडणार, हे तुमच्या पत्रावरूनच दिसते. तेव्हा मकरसंक्रांतीपर्यंत काम दुसऱ्याच्या हाती जायला हवे, आणि ते कोणाच्या हाती जाणार हे गणपतीच्या सुमारास ठरायला हवे. हिवाळी सत्रात त्या व्यक्तीने फोन घ्यावेत, नेमणुका कराव्यात आणि तुम्ही फक्त मागे बसून पाहावे. ती चुकेल, एखादा पेपर हुकता-हुकता वाचेल, पण ते तुम्ही हाताशी असताना झालेले बरे. जुलै ते डिसेंबर रोज दीड-दोन तास आणि रविवारची एक दुपार, एवढेच या कामाला द्यावे आणि तेवढे वडिलांना लिहून द्यावे. तोंडी वायद्यावर आमच्या पिढीचा विश्वास कमी असतो.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट : गटासाठी वेगळे सिम कार्ड घ्या. आज दृष्टिहीन मुलांकडे आणि महाविद्यालयांकडे तुमचा स्वतःचा नंबर आहे, आणि तो पुढच्या वर्षी तुमच्याबरोबर कोणत्या गावी जाईल हे सांगता येत नाही. सिम आणि एक जाड वही, एवढीच तुमच्या गटाची मालमत्ता असावी. वहीत तारीख, परीक्षार्थी, केंद्र, विषय, लेखनिक आणि शेवटी एक मोठा रकाना "काय अडचण आली" याचा ठेवावा. नकार दिला तर तोही कारणासह लिहावा. परीक्षार्थींची नावे आणि नंबर त्या वहीबाहेर, विशेषतः व्हॉट्सअॅपच्या मोठ्या ग्रुपवर, जाऊ नयेत.

काकांचा नोंदणीचा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला आहे, पण तो या वर्षासाठी नाही. सोसायटी नोंदणीचा कायदा १८६० चा; त्यासाठी किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदणी करावी लागते. त्यानंतर दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण, आणि विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, हे सारे मागे लागते. ज्या गटातली माणसे दर जूनला गाव सोडतात, त्या गटाने बदल अर्ज किती वेळा करायचे? नोंदणी न करता लोकांकडून वर्गणी गोळा करणेही सोपे नाही. त्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावे लागते, हे आपल्याकडे गणेश मंडळे चालवणाऱ्या कोणालाही विचारावे. मुळात तुमचा खर्च बसभाडे, पेन आणि झेरॉक्स एवढाच आहे. कारखानदारांना नम्रपणे सांगावे की रोख नको. परीक्षेच्या दिवसांत लेखनिकांना केंद्रावर पोहोचवण्यासाठी एखादी गाडी मिळाली तर फार होईल. देणाऱ्यांतले काही जण येथे गळतात. जे टिकतात ते मग वर्षानुवर्षे टिकतात.

गटाला स्थिर घर हवे आहे हे मात्र काकांचे बरोबर आहे. ते घर महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) मिळू शकते. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. एका पेपरामागे येण्याजाण्यासह पाच-सहा तास जातात. ते तास तेथे धरले जावेत यासाठी एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावे. मुले बदलत राहतात, पण ते प्राध्यापक त्याच महाविद्यालयात राहतात, आणि परीक्षा विभागाचा दरवाजा त्यांना ओळखीचा असतो.

इचलकरंजी आणि सांगलीविषयी. शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे आहे आणि संलग्न महाविद्यालयांचे वेळापत्रक सामाईक असते. बोर्डाचे तर राज्यभर एकच असते. म्हणून सांगलीत लेखनिक कमी पडतील त्याच दिवशी कोल्हापुरातही कमी पडतील. येथून माणसे तिकडे पाठवता येणार नाहीत, आणि सकाळी अकराच्या पेपराला पन्नास किलोमीटरवरून मूल धाडणे शहाणपणाचेही नाही. जेथले काम तेथल्या माणसांनीच चालवावे, याचे आपल्या गावात जुने उदाहरण आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू करवले आणि पुढच्या वीस वर्षांत निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. महाराजांनी जागा दिल्या, अनुदाने दिली, पण सगळी मुले एका मोठ्या वाड्यात आणून दरबारी कारभाऱ्याच्या हाती सोपवली नाहीत. ज्याचे त्याचे बोर्डिंग ज्याच्या त्याच्या मंडळींनी चालवले. (ती समाजवार होती, याबद्दल आज वेगळे मत असू शकते, चालवण्याची रीत मात्र शिकण्यासारखी आहे.) इचलकरंजीतल्या एखाद्या मुलीला तुमच्या वहीची झेरॉक्स द्यावी, एका रविवारच्या सरावाला बोलवावे आणि तिचा गट तिच्या नावाने चालू द्यावा. तुमचे नाव तेथे लागणार नाही. ते तुम्हाला चालणार नसेल, तर विस्ताराची इच्छा नेमकी कशासाठी आहे, हे एकदा स्वतःशी तपासावे. गॅपच्या वर्षात "सध्या काय करतेस?" या प्रश्नाला भारदस्त उत्तर हवे असते, हे मी समजू शकतो.

प्रश्न : मी इचलकरंजीत राहणारी निवृत्त माध्यमिक शिक्षिका आहे. शिक्षण एम. ए., बी. एड. लेखनिक होण्याची तयारी दाखवली, परंतु जास्त शिकलेल्या असल्यामुळे चालणार नाही असे सांगण्यात आले. माझ्याकडे वेळ भरपूर आहे. तो या मुलांच्या उपयोगी कसा पडेल?

उत्तर : आपल्याला सांगितले ते बरोबर आहे, पण आपण याच अंकात पत्र लिहिले हा योग चांगला आहे. वरच्या पत्रातल्या मुलीसारख्या गटांना फेब्रुवारी ते मे या काळात फोन सांभाळणारे, स्वतः परीक्षेला न बसणारे माणूस हवे असते. सकाळी सातला फोन उचलणे, शिक्षिकेच्या आवाजात केंद्रसंचालकांशी बोलणे आणि नववीच्या मुलासोबत केंद्रावर जाऊन बाहेर बसणे, या कामांना शिक्षणाची वरची मर्यादा नाही.

उरलेल्या महिन्यांत आपण पुस्तके ध्वनिमुद्रित करून द्यावीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करण्यास सूट आहे, आणि याच विषयावरचा माराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. मोबाइलवरचे साधे रेकॉर्डर पुरते. कोणते पुस्तक आधी हवे, हे विद्यार्थ्यालाच विचारावे. प्रकरणागणिक वेगळी फाइल करावी, सुरुवातीला पुस्तकाचे नाव आणि प्रकरण सांगावे, पान उलटले की नवा पान क्रमांक सांगावा, म्हणजे वर्गात "पान ४७ काढा" म्हटल्यावर ऐकणाऱ्यालाही ते सापडते. तक्ता आला की आधी रकान्यांची नावे आणि मग एकेक ओळ वाचावी. वर्गात वाचायची सवय असल्यामुळे आपण मध्येच अर्थ समजावून सांगायला लागाल. तो मोह आवरावा, आणि अगदीच राहवले नाही तर स्पष्टीकरणाची फाइल वेगळी करावी.